इंजिनाचं नाक आणि आपली सवय

तत्त्वज्ञानाचा माणूस अंथुर्ण्यात येऊन मोटारीच्या इंजिनावर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या मनात असेल. तो रास्त आहे. म्हणून आधी एक कबुली देतो.

काही वर्षांपूर्वी परतीच्या पावसात मी माझ्या पुतण्याबरोबर बारामतीहून इकडे येत होतो. त्याला गाडीची हौस. मूळचा एअर फिल्टरचा डबा काढून त्यानं कोल्ड एअर इनटेक बसवलेला. म्हणजे इंजिनाला बाहेरची गार हवा देणारी लांब नळी. तिचं तोंड खाली, पुढच्या बंपरच्या मागे. वाटेत एका फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. फार नाही, गुडघ्याच्या आतबाहेर. गाडी मध्यावर गेली आणि गप्पकन बंद पडली. मी अनुभवी माणसाच्या थाटात म्हणालो, "अरे, घाबरतोस काय? सेल्फ मार." त्यानं मारला. आतून एकच आवाज आला. दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं तेव्हा कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला. गाडी त्याची, सल्ला माझा.

हा सल्ला मी कुठून आणला, याचा शोध घेताना मला मोटारीच्या इतिहासात शिरावं लागलं. तोच आज सांगतो.

इंजिन श्वास घेतं. पेट्रोल जाळायला हवा लागते आणि ती कुठून तरी ओढावी लागते. त्या जागेला आपण इंजिनाचं नाक म्हणू. आता गंमत बघा. 1908 साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला गार हवा नको होती. उलट, धुराड्याच्या तापलेल्या नळीजवळून गरम हवा घेऊन ती कार्ब्युरेटरला दिली जाई, कारण त्या काळचं पेट्रोल थंडीत नीट वाफ होत नसे. हवा गाळायची सोयही त्या गाडीला कारखान्यातून मिळत नव्हती. पुढे धुळीनं इंजिनं झिजतात हे ध्यानात आलं आणि गाळण्या आल्या. आधी तेलाच्या भांड्यातून हवा नेणाऱ्या, मग कागदाच्या. आपल्याकडच्या कित्येक जुन्या ट्रॅक्टरांच्या बॉनेटवर एक वाटीसारखं टोपण उभं दिसतं. ते नाकच. नांगरटीच्या धुळीपासून जितकं वर तितकं बरं.

पाण्याची भीती प्रकर्षानं समोर आली ती युद्धात. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जीपगाड्या समुद्राच्या पाण्यातून बाहेर काढायच्या होत्या, तेव्हा हवा घेण्याच्या आणि धूर सोडण्याच्या नळ्या उंच केल्या गेल्या. पाणबुड्यांनाही त्याच सुमारास अशी नळी बसली. तिला जर्मनांनी दिलेलं नाव आज आपण स्नॉर्कल म्हणून वापरतो आणि त्याचं नातं जर्मन बोलीतल्या नाकाशीच आहे.

आता आपल्याकडे येऊ. इथून जवळच वालचंदनगर आहे. ज्या वालचंद हिराचंदांनी हे गाव आणि साखर कारखाना उभा केला, त्यांनीच 1944 साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आली, तीच नंतरची प्रीमिअर पद्मिनी. माझ्या पिढीनं गाडी ओळखली ती या फियाटमुळे आणि अँबॅसडरमुळे. या गाड्यांत हवेची गाळणी बॉनेटखाली, इंजिनाच्या वरच्या भागात असे. पण ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर मात्र नाजूक. जरा पाणी उडालं की ठिणगी बंद, गाडी बंद. आम्ही खाली उतरायचो, बॉनेट उघडायचो, डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून कोरड्या फडक्यानं पुसायचो आणि सेल्फ मारायचो. गाडी सुरू! हे मी स्वतः अनेकदा केलं आहे.

आमच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी, की त्या गाडीचा दोषच तिचं रक्षण करत होता. पाणी नाकापर्यंत पोचायच्या आधीच ती बहुधा थांबायची.

2000 नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला. पेट्रोल बारीक तुषारांनी फवारलं जाऊ लागलं, त्यामुळे गरम हवेची गरज उरली नाही. उलट गार हवा फायद्याची झाली. बॉनेटखालची साठ अंशांची हवा आणि बाहेरची तीस अंशांची हवा यांच्या घनतेत साधारण दहा टक्क्यांचा फरक पडतो. गार हवेत प्राणवायू जास्त, म्हणून जोर जास्त. कोल्ड एअर इनटेकचा सगळा युक्तिवाद एवढाच आहे आणि तो खोटा नाही. पण त्यासाठी नाक बॉनेटखालून पुढे आलं आणि हौशी नळ्यांत कधीकधी पार खाली गेलं. दुसरीकडे ठिणगीची यंत्रणा सुधारली. डिझेलला तर ठिणगी लागतच नाही. म्हणजे गाडी आता पाण्यात लवकर बंद पडत नाही. पाणी ओढेपर्यंत ती चालत राहते.

किती पाणी पुरतं? हिशेब सोपा आहे. बाराशे सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन घ्या. एका सिलिंडरला तीनशे सीसी. दाबाचं प्रमाण दहास एक धरलं, तर पिस्टन वर आल्यावर तेहेतीस सीसी जागा उरते. अर्धा कप चहासुद्धा नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो रॉड.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात जवळजवळ दोन वर्षांत पडावा एवढा. मुंबईत हजारो गाड्या बुडाल्या. त्यानंतर विम्याचे वाद झाले. पुराचं नुकसान भरून मिळेल, पण पाणी शिरलेलं इंजिन तुम्ही पुन्हा सुरू केलंत तर ते नुकसान तुमच्या कृतीचं, अशी भूमिका विमा कंपन्या घेत. पुढे इंजिनासाठी वेगळं संरक्षण विकलं जाऊ लागलं. त्या दिवशी सेल्फ मारणाऱ्या कित्येकांच्या हाताला माझ्यासारखीच जुनी सवय असणार.

न्यायशास्त्रात एक उदाहरण आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे चूक. त्याला ओल्या इंधनाची अट लागते. अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. "बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करावी" या माझ्या ज्ञानालाही उपाधी होती: नाक उंच असेल आणि फक्त ठिणगी गेली असेल तर. गाडी बदलली, उपाधी गेली, सल्ला मात्र माझ्या तोंडात तसाच राहिला.

आपल्या भागाला हे विशेष लागू आहे. इथल्या माणसाला धूळ आणि ऊन कळतं, दुष्काळ कळतो. नीरा डावा कालवा बांधला तो पाणी आणायला. पण 14 ऑक्टोबर 2020 ला इंदापूर-बारामतीत ओढे रस्त्यांवर आले आणि 2025 च्या मे महिन्यात तोच कालवा बारामतीजवळ फुटला. पाण्याची वाट बघणाऱ्या मुलखाला पाण्याची भीती नव्यानं शिकावी लागते आहे.

तेव्हा तरुणांनी एवढं करावं. नुसत्या पावसाला भिऊ नका; चार थेंब नळीत गेले तर वाफ होऊन निघून जातात. धोका आहे तो तोंड पाण्याखाली जाण्याचा. हौसेची नळी असेल तर पावसाळ्यात मूळचा डबा परत बसवा. फरशी पुलावर पाणी असेल तर थांबा. तिथे प्रश्न इंजिनाचा नसतो, जिवाचा असतो. आणि गाडी पाण्यात बंद पडलीच, तर किल्लीला हात लावू नका. ओढून बाहेर काढा. मेकॅनिक प्लग काढून इंजिन हातानं फिरवेल, पाणी बाहेर येईल, बहुधा इंजिन वाचेल.

आणि शेजारी बसलेला एखादा वडीलधारा म्हणाला, "सेल्फ मार," तर त्याला नम्रपणे विचारा: काका, तुमची गाडी कोणती होती?