कळ बदलली तरी पुस्तिका खरी राहावी म्हणून

सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिणं हा माझा व्यवसाय. कळफलकावरची कुठली कळ काय करेल हे वापरणाऱ्यानेच ठरवायचं म्हटलं, की पुस्तिकेत छापलेली कळ खोटी ठरू शकते. या अडचणीला एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेने पन्नासेक वर्षांपूर्वीच हात घातला होता.

तिथे पीडीपी-१० संगणकावर मजकूर दुरुस्त करायला ‘टेको’ वापरत. आधी कमांड लिहायच्या, मग चालवायच्या. कार्ल मिकेल्सनने त्यात कंट्रोल-आरची सोय घातली आणि कळ दाबताक्षणी पडद्यावरचा मजकूर बदलू लागला. रिचर्ड स्टॉलमनने ती नव्याने लिहून वेगवान केली. शिवाय कुठल्याही कळेला आपण लिहिलेला मॅक्रो, म्हणजे कमांडांची साखळी, जोडता येईल, अशी तजवीज केली.

मग ज्याने त्याने मॅक्रोंचा आपापला संच बनवला. एकाच्या टर्मिनलवर दुसरा बसला, की त्याची बोटं अडू लागली. १९७६ मध्ये गाय स्टीलने या संचांतलं चांगलं ते एकत्र करून कळांची एक मांडणी ठरवायला घेतली. स्टॉलमनने ते काम तडीस नेलं. तो ‘ईमॅक्स’. सगळ्यांसाठी एक मांडणी मिळाली, पण ती बदलायची मुभा काढून घेतली नाही. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

१९८५ मध्ये त्याचा पुढचा अवतार, जीएनयू ईमॅक्स, आला. त्यात एक संकेत आहे: कंट्रोल-सी आणि त्यानंतरचं कुठलंही अक्षर फक्त वापरणाऱ्याचं. एफ-५ ते एफ-९ सुद्धा. ईमॅक्ससाठी नवा कोड लिहिणाऱ्यांनी त्यांना हात लावायचा नाही. मी कंट्रोल-सी, एम वर देवनागरी इन्स्क्रिप्ट चालू करणारी कमांड ठेवली आहे. किती आवृत्त्या बदलल्या, माझी जागा कुणी घेतली नाही. इतर कित्येक प्रोग्रॅममध्ये एका अपडेटनंतर आपण बसवलेली कळ भलतंच काही करू लागते, तेव्हा या संकेताची किंमत कळते.

पण कळ हलवली, तर माहितीचं काय? स्टॉलमनने १९८१ च्या निबंधाच्या शीर्षकातच ईमॅक्सचे तीन गुण सांगितले: वाढवता येणारा, हवा तसा बदलता येणारा आणि स्वतःची माहिती स्वतः देणारा. आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने तिसरा गुण सर्वांत मोठा. आजही कंट्रोल-एच, के दाबून पुढे कुठलीही कळ दाबा. ती आत्ता, तुमच्या मांडणीत, कुठली कमांड चालवते ते तिच्या वर्णनासह समोर येतं. हे वर्णन लिहिणाऱ्याला दुसऱ्या एखाद्या कमांडची कळ सांगायची असेल, तर कळेचं नाव थेट लिहायचं नसतं. एका खास खुणेत कमांडचं नाव लिहायचं. वाचणाऱ्याने तिला जी कळ दिली असेल, ती ईमॅक्स दाखवताना तिथे भरतो. नव्या प्रकल्पाची पुस्तिका हाती आली, की प्रोग्रॅमरांकडे माझी पहिली मागणी अशाच सोयीची असते.