५० एमएमची एक लेन्स वीस हजारांच्या आसपास, दुसरी दोन लाखांच्या वर. एवढा फरक कशाचा?

एकवीरा आईचं दर्शन घेऊन शेजारच्या कार्ले लेण्यात शिरणारा जवळपास प्रत्येक जण मोबाईल वर धरतो. आत गेल्यावर मागे वळून दाराच्या दिशेने फोटो काढला, की दारावरची घोड्याच्या नालेच्या आकाराची खिडकी पांढरीफटक येते आणि खांब काळे पडतात. कॅमेऱ्याची साधी लेन्स लावली तर आणखी काही गोष्टी दिसतात. कडेचे खांब किंचित वाकतात, छताच्या लाकडी फासळ्यांना जांभळट किनार येते आणि फोटोचे कोपरे धूसर होतात.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेलं हे चैत्यगृह लेन्सची परीक्षा घ्यायला बनवल्यासारखंच आहे. आतून लांबी जवळपास ३८ मीटर, उंची १४ मीटर, ३७ खांब, वर सागवानी फासळ्या आणि उजेड येतो तो मुख्यतः समोरच्या एकाच बाजूने. शिवाय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉड लावायला वेगळी परवानगी लागते. म्हणजे कॅमेरा हातातच धरायचा.

हातात धरायचा म्हटलं की लेन्सचं तोंड मोठं हवं. लेन्सवर 'एफ'पुढे जो आकडा असतो, तो जितका लहान तितकं तोंड मोठं. एफ ५.६ ला जिथे पाव सेकंद लागतो, तिथे एफ १.४ ला सेकंदाचा साठावा भाग पुरतो. पाव सेकंदात हात हलतोच, साठाव्या भागात फोटो बहुतेक स्थिर येतो. महाग लेन्सचे बरेचसे पैसे या मोठ्या तोंडाचेच असतात.

कॅननच्या आरएफ मालिकेतल्या दोन लेन्स शेजारी ठेवून बघा. दोन्ही ५० एमएम. एफ १.८ वालीत ६ भिंगं आहेत आणि वजन १६० ग्रॅम. एफ १.२ वालीत १५ भिंगं आहेत आणि वजन ९५० ग्रॅम. उजेड मिळतो सव्वादोन पट आणि किंमत होते दहा पटीच्या आसपास. हा हिशोब पहिल्यांदा ऐकला की लूट वाटते. थोडी ब्रँडची किंमत त्यात आहेही. पण ९ भिंगं जास्त का लागली, हे पाहिलं तर बाकीचं कोडं सुटतं.

भिंगाच्या मधून जाणारे किरण शहाण्यासारखे एका बिंदूवर येतात. कडेने जाणारे किरण जास्त वळतात आणि अलीकडेच एकत्र येतात. एका साध्या भिंगाचं तोंड दीडपट केलं, तर या दोषामुळे येणारा धूसरपणा दीडपट नाही, जवळपास साडेतीन पट होतो. त्यात निळा रंग लाल रंगापेक्षा जास्त वळतो. फासळ्यांची जांभळी किनार येते ती यामुळे. मग एका भिंगाचा दोष दुसऱ्याने काढायचा, दुसऱ्याने नवा दोष आणला की तिसरं घालायचं, असं करत करत पंधरापर्यंत गाडी जाते.

<b>गोल सोपा, गोल नसलेला महाग</b>

पुण्यात आयुकामध्ये हौशी मंडळींसाठी दुर्बिणीचा आरसा हाताने घासण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. तिथे आरसा घासलेल्या कुणालाही विचारा. काचेच्या दोन चकत्या मध्ये बारीक पूड घालून एकमेकींवर सगळ्या दिशांनी घासत राहिलं, की एक खोलगट आणि दुसरी फुगीर होते, आणि दोन्हींचा आकार आपोआप गोलाचा तुकडा होतो. गोल ही निसर्गाने फुकट दिलेली गोष्ट आहे. खरा घाम निघतो तो शेवटी, त्या गोलाला किंचित बदलून परवलयाचा आकार देताना.

कॅमेऱ्याच्या भिंगांचंही तेच आहे. गोल नसलेलं एक भिंग दोन-तीन गोल भिंगांचं काम करतं, पण ते आपोआप घडत नाही. १९६६ मध्ये लाइकाने नॉक्टिलक्स ५० एमएम एफ १.२ काढली, तेव्हा असे पृष्ठभाग कुशल कारागिराला हाताने घडवावे लागत. ती लेन्स फार कमी बनली आणि भयंकर महाग होती. आज तापवलेली काच साच्यात दाबून असं भिंग बनवतात. पण साच्यावर सूक्ष्म ओरखडे राहिले, तर ते काचेवर उमटतात. मग फोटोत मागच्या धूसर दिव्यांच्या आत कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं दिसतात. लग्नातल्या रोषणाईच्या फोटोंत ती कधीतरी पाहिली असतील. ती घालवायची तर साचा आणखी गुळगुळीत करा किंवा भिंग वेगळं पॉलिश करा. दोन्हीला वेळ लागतो आणि कारखान्यात वेळ म्हणजेच पैसा.

मोबाईलच्या लेन्समध्येही अशी गोल नसलेली भिंगं असतातच, मग ती स्वस्त कशी? ती प्लॅस्टिकची असतात, आकाराने इवलीशी आणि एका साच्यातून प्रचंड संख्येने निघतात. साच्याचा खर्च इतक्या नगांवर वाटला गेला की उरतो किती! दोन लाखांची लेन्स मुळात घेणारेच थोडे. १९६० च्या दशकात झाइसने ५० एमएम एफ ०.७ ची लेन्स बनवली, ती फक्त १० नग. त्यातल्या ६ नासाला गेल्या आणि ३ दिग्दर्शक स्टॅनली क्युब्रिक यांनी घेतल्या. 'बॅरी लिंडन'मधले मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग त्यांवरच टिपले. अशा वस्तूची 'परवडणारी किंमत' ठरवणार तरी कशी?

<b>काच, लेप आणि जुळणी</b>

ही काच खिडकीची नसते. काही भिंगांत लँथेनमसारखी दुर्मिळ मूलद्रव्यं घालतात. वितळलेली काच अतिशय सावकाश थंड करावी लागते, नाहीतर आत ताण राहतो आणि उजेड वेडावाकडा वळतो. रंगदोषावर सगळ्यात गुणी उपाय म्हणजे फ्लोराइट. निसर्गात त्याचे मोठे निर्दोष स्फटिक मिळत नाहीत, म्हणून कॅननने ते भट्टीत वाढवायला सुरुवात केली आणि १९६९ मध्ये ३०० एमएमच्या लेन्समध्ये वापरले. हा पदार्थ मऊ, उष्णतेला हळवा आणि पॉलिश करायला कटकटीचा.

पॉलिशची अचूकता हिरव्या उजेडाच्या तरंगलांबीच्या पावपटीइतकी ठेवायची म्हटली, तर चूक मिलिमीटरच्या सुमारे सात हजाराव्या भागात बसवावी लागते.

लेपाचं महत्त्व कार्ल्यात लगेच कळतं. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. त्या १५ भिंगांतली काही एकमेकांना चिकटवलेली आहेत, तरी हवेला लागलेले १८ पृष्ठभाग उरतात. लेप नसता तर पलीकडे निम्म्याहून कमी उजेड पोचला असता. परत फिरलेला उजेड आतल्या आत आपटत राहिला असता आणि खिडकीचं तेज खांबांवर धुक्यासारखं पसरलं असतं. म्हणून प्रत्येक पृष्ठभागावर निर्वात पेटीत अतिशय पातळ थर चढवतात, बऱ्याचदा एकावर एक.

शेवटी जुळणी. एखादं भिंग मायक्रॉनच्या हिशोबात जरी तिरकं बसलं, तरी फोटोची एक कड धारदार आणि दुसरी मऊ येते. स्वस्त लेन्समध्ये थोडं इकडे-तिकडे चालवून घेतात. महाग लेन्समध्ये नग मोजतात, पुन्हा जुळवतात, नाहीतर बाजूला काढतात. बाजूला काढलेल्यांचा खर्चही विकल्या जाणाऱ्या नगांवरच पडतो.

भिगवणला रोहित पक्षी टिपणाऱ्यांच्या हातातल्या ४०० एमएम एफ २.८ लेन्समध्ये याचा कळस होतो. ४०० ला २.८ ने भागा: तोंड १४३ मिलिमीटर, म्हणजे नाश्त्याच्या ताटलीएवढं. एफ ५.६ ला ते ७१ असतं. व्यास दुप्पट, पण त्याच आकाराच्या भिंगाला काच लागते आठपट, आणि तेवढ्या मोठ्या तुकड्यात एकही बुडबुडा चालत नाही.

मग घ्यायची कुणी? अंधारात, हातात कॅमेरा धरून पैसे कमावणाऱ्यांनी. कार्ल्याच्या पायऱ्यांवर भर दुपारी एफ ८ ला काढलेल्या फोटोत वरच्या दोन्ही लेन्स ओळखणं कठीण जाईल, कारण तोंड लहान केलं की कडेचे खोडकर किरण आपोआप अडतात. वर्षातून दोनदाच लेण्यात जाणार असाल, तर अशी लेन्स पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्याने मिळते. आणि विकत घेतलीच, तर आधी हवाबंद डबा आणि सिलिका जेल घ्या. लोणावळ्याच्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते, लेप खाते, आणि लेप खराब झाला की तो घरी पुसून परत येत नाही.