९ नोव्हेंबर : एका ओळीत न मावणारा दिनविशेष



शाळेत असताना फळ्यावर 'आजचा दिनविशेष' लिहायची पाळी आली की मी खूश असायचो. ९ नोव्हेंबरला काय लिहायचं ते ठरलेलं: महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पुण्यतिथी (१९६२). एक ओळ, सुबक अक्षर, काम संपलं!

जर्मनीत राहायला आल्यावर इथला ९ नोव्हेंबर कळला, आणि तो काही एका ओळीत मावेना. इथे या तारखेला 'शिकझाल्सटाग' म्हणतात, म्हणजे नशिबाचा दिवस. पण हे सगळं खरंच नशिबावर ढकलता येतं का? तुम्हीच बघा.

सुरुवात १८४८ पासून. त्या वर्षी युरोपभर राजांविरुद्ध उठाव झाले. रॉबर्ट ब्लुम हा फ्रँकफुर्टच्या राष्ट्रीय सभेचा निवडून आलेला सदस्य, गरिबीतून वर आलेला लोकशाहीवादी. व्हिएन्नातल्या बंडखोरांना पाठिंबा द्यायला तो तिथे गेला. सम्राटाच्या फौजेने शहर परत घेतलं, ब्लुमला पकडलं आणि ९ नोव्हेंबरच्या सकाळी गोळ्या घातल्या. लोकप्रतिनिधी म्हणून त्याला संरक्षण होतं, ते कागदावरच राहिलं.

मग १९१८. पहिलं महायुद्ध हरल्यात जमा, कीलच्या आरमारात बंड, बर्लिनमध्ये कामगार रस्त्यावर. कैसर विल्हेल्म दुसरा बेल्जियममधल्या लष्करी मुख्यालयात बसून निर्णय लांबवत होता. शेवटी चॅन्सेलर माक्स फॉन बाडेन यांनी कैसरच्या संमतीची वाट न बघता त्याने पद सोडल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं! दुपारी फिलिप शाइडेमान हा सोशल डेमोक्रॅट नेता संसदेच्या खिडकीतून प्रजासत्ताकाची घोषणा करून मोकळा झाला. त्याचाच नेता एबर्ट त्याच्यावर जाम भडकला. दोनेक तासांनी कार्ल लीबक्नेख्टने राजवाड्यावरून दुसऱ्या, समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा केली. गोंधळ होता खरा, पण याच प्रजासत्ताकाने जर्मन स्त्रियांना मताधिकार दिला आणि जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी पहिल्यांदा मत दिलं.

दोनच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, युद्धबंदी झाली. आणि इथेच विष कालवलं गेलं. सेनापतींनी हरलेल्या युद्धाचं खापर या नव्या लोकशाहीवर फुटलं. सैन्य हरलंच नव्हतं, घरच्यांनी पाठीत खंजीर खुपसला, अशी कंडी पिकवली गेली. प्रजासत्ताक आणणाऱ्यांना 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' अशी शिवी पडली.

ही शिवी सगळ्यात जोरात देणारा माणूस म्हणजे हिटलर. ८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये पिस्तूल घेऊन तो घुसला आणि 'नोव्हेंबरवाल्यांचं' सरकार संपल्याचं त्याने जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, निघालेला मोर्चा पोलिसांनी गोळीबार करून मोडला. ४ पोलीस मेले. हिटलरच्या बाजूचे पुढे १६ 'हुतात्मे' मोजले गेले. त्यातला एक तर नुसता बघ्या होता म्हणे! देशद्रोहाची शिक्षा झाली ५ वर्षं, पण शिक्षा झाल्यावर हिटलर वर्षभरही आत राहिला नाही.

१९३३ मध्ये सत्ता आल्यावर नाझींनी या फसलेल्या बंडाचा उत्सव केला. दर ८ नोव्हेंबरला त्याच बिअर हॉलमध्ये हिटलरचं भाषण, ९ ला मिरवणूक. म्हणूनच ९ नोव्हेंबर १९३८ ला सगळे नाझी पुढारी म्युनिकमध्ये एकत्र जेवायला जमले होते. हे लक्षात घ्या, कारण तेवढ्यात पॅरिसहून बातमी आली. हेर्शेल ग्रीनश्पान या १७ वर्षांच्या ज्यू मुलाच्या आईवडिलांना जर्मनीतून पोलंडच्या सीमेवर हाकलण्यात आलं होतं. त्याने ७ तारखेला गोळ्या घातलेला जर्मन वकिलातीतला अधिकारी मरण पावला. गोबेल्सने तिथेच भडकाऊ भाषण केलं, पुढाऱ्यांनी आपापल्या गावी फोन फिरवले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी १,४०० हून अधिक सिनेगॉग आणि प्रार्थनागृहं जाळली किंवा फोडली गेली. हजारो दुकानं लुटली गेली, शेकडो माणसं मेली. सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत डांबलं. वर ज्यूंनाच १ अब्ज मार्कांचा दंड! अग्निशमन दल काही ठिकाणी हजर होतं, पण फक्त शेजारची घरं वाचवायला.

म्हणजे १९१८ मधून १९२३ आणि १९२३ मधून १९३८. यात नशीब कुठे आलं? आधी एका तारखेचा राग जोपासला, मग तिचा उत्सव केला, आणि उत्सवाला जमलेल्या माणसांना बळी मिळाला.

निव्वळ योगायोग असेल तर तो १९८९ चा. पूर्व जर्मनीचा पुढारी शाबोव्स्की पत्रकार परिषदेत प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद वाचत होता. कधीपासून लागू, असं विचारल्यावर कागद चाळत म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे लगेच. खरं तर ते दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायचं होतं. लोकांनी भिंतीकडे धाव घेतली. बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या नाक्यावर हाराल्ड येगर या अधिकाऱ्याला वरून धड हुकूम मिळेना. रात्री साडेअकराच्या सुमाराला त्याने फाटक उघडलं. २८ वर्षांची भिंत, आणि एकही गोळी नाही!

मग हाच राष्ट्रीय दिवस का नाही, असं मी एका जर्मन सहकाऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, ज्या तारखेला सिनेगॉग जळले त्या तारखेला आम्ही फटाके कसे उडवणार? राष्ट्रीय दिवस ठरला ३ ऑक्टोबर, १९९० मध्ये दोन्ही जर्मनी कायद्याने एक झाले तो दिवस. तसा कोरडाच. पण मला आता ते शहाणपण वाटतं.

९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आमच्या गल्लीत काही शेजारी फडकं आणि पॉलिश घेऊन बाहेर येतात. फुटपाथमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी पाट्या घासतात. पाटीवर त्या घरातून नेलेल्या माणसाचं नाव, जन्मसाल, कुठे नेलं आणि काय झालं एवढंच. मग शेजारी एक मेणबत्ती. भाषण नाही, घोषणा नाही.

परवा मीही वाकून एक पाटी घासली. नाव वाचायला गुडघे टेकावे लागतात.

असो. जयंत्या-पुण्यतिथ्या आपल्याकडेही कमी नाहीत, आणि त्यांवरून होणारी भांडणंही. फळ्यावर ओळ लिहून झाली की काम संपत नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.