सात घटका: नामदेवांचे धैर्य आणि पंजाबची साक्ष

भक्तीच्या इतिहासात ईश्वरावर भार टाकून धीर धरणे या वृत्तीइतकी गृहीत धरली गेलेली आणि तरीही वादग्रस्त ठरलेली वृत्ती क्वचितच आढळेल. महाराष्ट्रात हा वाद विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला. न्यायमूर्ती म. गो. रानडे यांनी मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील आपल्या १९०० सालच्या ग्रंथात संतांच्या कार्याला त्या उत्कर्षाच्या पूर्वतयारीचे श्रेय दिले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी नेमकी उलट भूमिका घेतली. संतांच्या सोशिकतेने समाजाची राजकीय इच्छाशक्ती क्षीण केली, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. पुढे गं. बा. सरदारांनी संतवाङ्मयाच्या सामाजिक फलश्रुतीची चिकित्सा करून या वादाला अधिक संतुलित रूप दिले. तथापि या चर्चेचा पुरावा बहुतांशी महाराष्ट्रापुरताच राहिला. ज्या संताची वाणी महाराष्ट्राबाहेर जाऊन दुसऱ्या समाजाच्या धर्मग्रंथात स्थिर झाली, त्या नामदेवांची पंजाबातील साक्ष या वादात काढली गेली नाही. ती काढून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम काळाचा विचार करू. परंपरेनुसार नामदेवांचा जीवनकाळ १२७० ते १३५० असा मानला जातो. या ऐंशी वर्षांत दख्खनचे राजकीय चित्र पूर्णपणे पालटले. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खल्जीची देवगिरीवर स्वारी झाली. त्याच वर्षी ज्ञानदेवांनी समाधी घेतली. पुढील दोन दशकांत यादवांचे राज्य संपुष्टात आले. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी हलवली आणि १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून चोखामेळा मृत्यू पावले, असे परंपरा सांगते. ज्याच्या आयुष्यात राज्य, राजधानी आणि सोबती असे एकामागून एक नाहीसे झाले, त्याच्या धीराला केवळ स्वभावविशेष मानता येत नाही. त्याला इतिहासाची पार्श्वभूमी आहे.

मात्र मराठी गाथेतील नामदेव प्रथमदर्शनी धीराचा कवी वाटत नाही. तो विठ्ठलाशी भांडतो, रुसतो, आळ घेतो, आईमागे लागलेल्या मुलासारखा हट्ट धरतो. गोणाई आणि राजाई, म्हणजे आई आणि पत्नी, यांच्या तक्रारीही गाथेत आहेत. शिंप्याचा धंदा सोडून देवळात बसलेल्या या माणसामुळे घर कसे चालावे, हा त्यांचा रोकडा प्रश्न आहे. लक्षणीय बाब अशी की संप्रदायाने हा प्रश्न दडपला नाही; तो कीर्तनात गात ठेवला. येथे धीर हा अधीरतेच्या अभावाचे नाव नाही. देवाने ऐकलेच पाहिजे, या हक्काच्या भावनेतून आलेली तक्रार हेच येथे विश्वासाचे रूप आहे. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही.

आता पंजाबकडे वळू. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथाचे संकलन पूर्ण केले. त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे नामदेवांनी उत्तरायुष्य व्यतीत केले, अशी तेथील श्रद्धा आहे. २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले. दोन्ही संग्रहांतील नामदेव एकच व्यक्ती की एका नावाखाली एकवटलेले अनेक कवी, हा प्रश्न अभ्यासकांनी वारंवार उपस्थित केला आहे. ख्रिश्चन ली नोवेट्स्के यांनी तर नामदेव ही एक सार्वजनिक स्मृती म्हणून वाचावी असे सुचवले. आपल्या विषयापुरता या प्रश्नाचा निकाल लागणे आवश्यक नाही. धैर्याची कोणती प्रतिमा कोणत्या समाजाने जपली, हे येथे महत्त्वाचे आहे.

आदिग्रंथातील भैरउ रागातील एक दीर्घ पद या दृष्टीने मननीय आहे. सुलतान नामदेवाला बांधून आणवतो आणि मेलेली गाय जिवंत करण्याची आज्ञा देतो. अन्यथा शिरच्छेद अटळ. आई रडत विनवते की रामाचे नाव सोड, खुदाचे घे आणि जीव वाचव. मुलगा आईचे नातेच नाकारतो. हत्ती अंगावर घातला जातो. लोक त्याच्या वजनाइतके सोने देऊ करतात; सुलतान ते स्वीकारत नाही. घटकांचे टोल पडू लागतात. सात घटका उलटतात आणि पद नोंदवते की त्रिभुवनाचा धनी अजून आलेला नाही. मग तो येतो, गाय उठते. आणि शेवटी नामदेव सुलतानाकडून एवढेच मागतो की त्याने सत्याच्या वाटेने चालावे.

या पदात चमत्कार आहे, परंतु पदाचा ताण चमत्कारात नाही. तो मोजलेल्या सात घटकांत आहे. देव येण्यापूर्वीचा विलंब कवी झाकत नाही, उलट मोजून दाखवतो. दुसरे असे की धीर धरणारा येथे गप्प बसलेला नाही. त्याने सत्तेची आज्ञा नाकारली आहे आणि नकाराची किंमत चुकती करण्यास तो तयार आहे. आईचे पात्र दोन्ही भाषांत आढळते: मराठीत ती घराच्या वतीने बोलते, पंजाबात जिवाच्या वतीने. दोन्हीकडे तिचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच नामदेवाच्या धीराला वजन येते.

याच ग्रंथात शेख फरीदांचे श्लोक आहेत. त्यांत सबर हे धनुष्य, सबर हीच प्रत्यंचा आणि सबर हाच बाण, अशी कल्पना येते. सहनशीलतेसाठी शस्त्राचे रूपक वापरले जावे, हे तौलनिक अभ्यासकाला थांबवणारे आहे. मूळचा अरबी असलेला हाच शब्द मराठीत ‘सबुरी’ म्हणून नांदतो आणि शिर्डीच्या साईबाबांमुळे श्रद्धेच्या जोडीने घरोघरी पोहोचला. मराठीतील ‘धीर’ या शब्दाची मात्र एक निराळी छटा आहे: धीर जसा धरायचा असतो, तसा तो द्यायचाही असतो. दुसऱ्याने दिल्याखेरीज धरवत नाही, अशी ही वस्तू आहे.

आता राजवाड्यांच्या आक्षेपाकडे परत येऊ. भक्तीची सोशिकता समाजाला निष्क्रिय करते हा कार्यकारणभाव खरा असता, तर नामदेव आणि फरीद यांना धर्मग्रंथात स्थान देणारा समाज सर्वाधिक निष्क्रिय व्हायला हवा होता. घडले ते निराळे. १६०६ मध्ये लाहोरला गुरू अर्जनदेवांचा छळ करून अंत झाला आणि ईश्वरी इच्छा गोड मानण्याची वृत्ती त्यांच्या स्मृतीशी कायमची जोडली गेली. १६७५ मध्ये गुरू तेगबहादूरांना दिल्लीत देहदंड झाला. १६९९ मध्ये खालसाची स्थापना झाली. १७०८ मध्ये गोदाकाठी नांदेडला गुरू गोविंदसिंहांनी ग्रंथालाच गुरुपद दिले. म्हणजे नामदेवांची पदे गुरुवाणी होऊन मराठवाड्यात परतली. नांदेडहूनच बंदा सिंग बहादूर पंजाबकडे निघाला आणि १७१० मध्ये चप्पड चिडीच्या रणात त्याने सरहिंदच्या फौजदाराचा पराभव केला. ईश्वरेच्छा स्वीकारणे आणि अन्याय नाकारणे या दोन गोष्टी या समाजाने परस्परविरोधी मानल्या नाहीत.

यावरून रानड्यांचा पक्ष सिद्ध झाला, असेही म्हणता येणार नाही. एकाच कवीची वाणी दोन प्रदेशांत दोन भिन्न इतिहासांच्या सोबत चालली, याचा अर्थ वाणी एकटी इतिहास घडवत नाही. प्रतीक्षा कोठे आणि कोणाच्या सोबतीने केली जाते, यावर तिचे फळ अवलंबून असते. आरंभीच्या शीख वस्त्यांत संगतीच्या जागेला धर्मसाल म्हणत. तेथे कीर्तन आणि लंगर एकत्र चाले. मराठीत हाच शब्द ‘धर्मशाळा’ या रूपात यात्रेकरूंच्या निवाऱ्याला लागला. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. चोखोबांना ज्या नगरीत देवळाच्या दाराबाहेर तिष्ठावे लागले, तेथे त्यांच्या नावाची वास्तू शिक्षणाच्या कामी यावी, ही त्या प्रतीक्षेवरची अर्थपूर्ण टीका होय. तिष्ठत ठेवणाऱ्याने तिष्ठणाऱ्याला धीराचा उपदेश करणे आणि तिष्ठणाऱ्याने स्वतः धीर धरणे, यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

हा भेद आजही निरर्थक झालेला नाही. चप्पड चिडी ज्या मोहाली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात चंदीगडला लागून मुल्लानपूर आहे. शेतीचा हा परिसर ‘न्यू चंदीगड’ म्हणून झपाट्याने नागर रूप घेत आहे. तेथे २४ ऑगस्ट २०२२ रोजी होमी भाभा कर्करोग रुग्णालय आणि संशोधन केंद्राचे उद्घाटन झाले. तीनशे खाटांचे हे रुग्णालय मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने उभारले आहे. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून येणाऱ्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देत आली आहे. उपचार जवळ आणणे, वाट पाहणाऱ्याला छप्पर आणि अन्न देणे, हे ईश्वरावरील भरवशाला पर्याय नव्हेत. तो भरवसा माणसाला पेलावा यासाठीची ती व्यवस्था आहे. निदानाची आणि अहवालाची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला, ते सबर म्हणो की धीर, कोणीतरी सोबत असावे लागते.

नामदेवांच्या पदातील सात घटका म्हणूनच मोलाच्या आहेत. देव येईल हा विश्वास तेथे अढळ आहे. तो अजून आलेला नाही, हे सत्यही तेथे लपवलेले नाही. या दोहोंपैकी एकच वाचणाऱ्याला भक्ती एक तर निष्क्रियता वाटते, नाही तर रणगर्जना. मराठी आणि पंजाबी संग्रह एकत्र वाचले तर ती या दोहोंहून निराळी, मोजूनमापून केलेली आणि सहसा एकट्याने न केलेली प्रतीक्षा म्हणून समोर येते.