दुंबा मेंढी : मेदसंचयाची आनुवंशिकता

दुंबा : शेपटीत किंवा पुठ्ठ्यावर चरबीचा मोठा साठा बाळगणाऱ्या मेंढ्यांच्या जातींना हे नाव आहे, शब्द फारसी असून त्याचे मूळ शेपटीच्या ‘दुम’ या नावात आहे. अरबस्तान, इराण, अफगाणिस्तान, मध्य आशिया व आफ्रिका येथील रुक्ष मुलखांत या जाती पूर्वापार आढळतात. दुष्काळाची बेगमी जनावराने पाठीमागे लोंबती ठेवून हिंडावे, ही तजवीज दख्खनी मेंढीची आखूड, बारीक शेपटी पाहण्याची सवय झालेल्या आपल्या डोळ्यांना चमत्कारिक वाटते खरी. परंतु अरबस्तानातील मेंढपाळ या जड शेपट्यांना जखमा होऊ नयेत म्हणून त्यांखाली लहान गाडे बांधतात, असे हिरोडोटसने इ. स. पू. पाचव्या शतकातच नमूद करून ठेवले आहे.

मेंढीचा पूर्वज जो रानटी मूफ्लॉन, त्याची शेपटी बारीकच होती; तेव्हा हा संचय माणसाळल्यानंतरच्या निवडीचे फळ होय. बारीक व जाड शेपटीच्या कळपांच्या जनुकसंचांची तुलना करता १५ व्या गुणसूत्रावरील ‘पीडीजीएफडी’ या जनुकाच्या परिसरात निवडीची खूण विशेष ठळक दिसते, आणि १३ व्या गुणसूत्रावरील ‘बीएमपी२’ चा भागही तिच्या जोडीला येतो. मात्र शेपटीची लांबी हा निराळा विषय असून तिचा संबंध ‘टीबीएक्सटी’ या दुसऱ्याच जनुकाशी जोडला जातो.

उलट दिशेचे उदाहरण टेक्सेल जातीत मिळते. तेथे मायोस्टॅटिन जनुकाच्या प्रथिन न घडविणाऱ्या टोकाला एका अक्षराचा पालट होऊन सूक्ष्म आरएनएला बसण्याजोगी जागा निर्माण झाली, स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे ते प्रथिन कमी तयार होऊ लागले, आणि मांस वाढून चरबी घटली, हे २००६ मध्ये उघड झाले.

याहून विलक्षण प्रकार ‘कॅलिपिज’ लक्षणाचा. ओक्लाहोमात १९८३ मध्ये जन्मलेल्या एका डॉर्सेट मेंढ्यापासून ते पसरले. १८ व्या गुणसूत्रावरील हा फेरफार पित्याकडून आला आणि मातेकडून मूळ प्रत मिळाली, तरच तो प्रकट होतो. दोन्हींकडून आला तर कोकरू सामान्यच दिसते! लक्षण प्रकट होणारे कोकरूही जन्मतः इतरांसारखेच असते, काही आठवड्यांनी मात्र त्याचा मागचा भाग स्नायूंनी भरू लागतो व चरबी कमी राहते. खाटकाला हा व्यवहार फायद्याचा वाटावा, पण ते मांस चिवट निघते.