पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी आणि स्त्रियांचे श्रम : एक ऐतिहासिक अवलोकन

पूर्वजांची कीर्ती, देणगीदारांची नामावली आणि गुणवंत विद्यार्थ्यांचे अभिनंदन हे विषय आपल्या स्मरणिकेत दरवर्षी येतात, आणि ते यावेत हे योग्यच आहे. यंदा एका निराळ्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचे आम्ही योजिले आहे. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे गेली साठ-सत्तर वर्षे ह्या ना त्या नात्याने पिंपरी, चिंचवड, भोसरी व चाकण येथील कारखानदारीशी बांधली गेली आहेत. तिचा इतिहास सांगताना आपण पुरुषांच्या नोकऱ्यांचा इतिहास सांगतो. त्याच काळात घरातील स्त्रियांच्या श्रमांचे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. काही अभ्यासकांनी तो चिकाटीने विचारला. त्यांच्या विचारण्यामुळे कायदे बदलले, जनगणनेतील प्रश्न बदलला आणि काही अंशी कारखान्यांची दारेही उघडली. तो वृत्तांत येथे संक्षेपाने देत आहोत.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही मूळची हवेली तालुक्यातील शेतकऱ्यांची गावे. चिंचवडची ख्याती मोरया गोसावींच्या समाधीमुळे, तर खेड तालुक्यातील चाकणची ख्याती संग्रामदुर्गामुळे आणि कांदा-बटाट्याच्या बाजारामुळे. ह्या गावांतून पेरणी, लावणी, खुरपणी, काढणी, निवडणी आणि गुरांची वैरण ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या हातची होती. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यानंतर भूसंपादनाने वेग घेतला. आकुर्डीस बजाज आणि पिंपरीस टेल्को आली. १९७० साली चार गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. पुढे चाकणच्या माळावरही मोटारींचे कारखाने उभे राहिले.

जमीन गेली तेव्हा मोबदला सातबाऱ्यावरील नावास मिळाला, आणि ते नाव बहुधा पुरुषाचे होते. नोकरीचे आश्वासन मिळाले तेही घरातील मुलास. ज्या स्त्रीचे हात त्या शेतात राबत होते तिचे काम शेताबरोबरच संपले. परंतु त्याची नोंद कोठेही झाली नाही. नोंदच नाही, तेथे हानीची भरपाई कोण मागणार?

ही नोंद का झाली नाही, हे समजण्यासाठी जनगणनेच्या पद्धतीकडे पाहावे लागते. १९६१ च्या जनगणनेत हंगामाच्या बहुतेक काळात दररोज एक तासाहून अधिक नियमित शेतकाम करणारी व्यक्ती 'काम करणारी' धरली होती. १९७१ साली मात्र प्रथम मुख्य व्यवसाय विचारण्यात आला. शेतात अर्धा दिवस राबून घरी चूल पेटविणाऱ्या बाईचा मुख्य व्यवसाय 'घरकाम' असा लिहिला गेला, आणि लक्षावधी कष्टकरी स्त्रिया कागदावर एकाएकी निरुद्योगी ठरल्या. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धुरीण धनंजयराव गाडगीळ ह्यांनी भारतातील श्रमिक स्त्रियांविषयी व्याख्याने दिली होती व ती १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाली होती. तथापि अशा अभ्यासाकडे लक्ष देणारे थोडे होते.

हा दोष केवळ आपल्या देशाचा नव्हे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापिका क्लॉडिया गोल्डिन ह्यांना २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी दोनशे वर्षांचे जुने दप्तर धुंडाळले, तेव्हा स्त्रीच्या नावापुढे व्यवसाय म्हणून 'पत्नी' एवढाच शब्द वारंवार लिहिलेला त्यांना आढळला. मग ती शेतात खपत असो वा नवऱ्याचे दुकान चालवीत असो. समाज शेतीकडून कारखान्याकडे वळतो तेव्हा विवाहित स्त्रियांचे कमाईचे काम प्रथम घटते, आणि शिक्षण व कचेरीतील नोकऱ्या वाढल्यावर ते पुन्हा वाढते, असे त्यांनी सप्रमाण दाखविले. कारखाना घरापासून दूर असतो, त्याची वेळ ठरलेली असते आणि पाळण्यातील मूल तेथे नेता येत नाही. भोसरी-चाकणच्या वाचकांस ह्याचे निराळे स्पष्टीकरण नको.

आमच्या मुंबईचा अनुभवही हेच सांगतो. शंभर वर्षांपूर्वी तेथील कापडगिरण्यांत सुमारे दर पाच कामगारांत एक स्त्री होती. पुढे हे प्रमाण सतत घसरले. नवी यंत्रे आली ती स्त्रियांच्या खात्यांत आधी आली. रात्रपाळीस स्त्रियांना मनाई होती; १९४८ च्या कारखाने कायद्यानेही सायंकाळी ७ ते सकाळी ६ पर्यंत स्त्रियांना कामावर ठेवण्यास बंदी घातली. हेतू संरक्षणाचा होता, परंतु तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याच्या मालकास स्त्रीला न घेण्याचे ते सोयीचे निमित्त झाले.

निमित्ते आणखीही होती. मुंबईतील एका औषधकंपनीत वेष्टन-विभागातील मुलीने लग्न करताच राजीनामा द्यावा असा नियम होता. विवाहित स्त्रिया वारंवार गैरहजर राहतात, असे कंपनीचे म्हणणे. कामगार संघटना हा वाद घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९६५ साली न्यायालयाने निर्णय दिला की, प्रसूतीची रजा सोडल्यास विवाहित स्त्री अविवाहितेपेक्षा किंवा विधवेपेक्षा अधिक गैरहजर राहते असे मानण्यास आधार नाही; आणि तो नियम रद्द ठरविला. पिढ्यान्‌पिढ्या जे 'सर्वांस ठाऊक' म्हणून चालत आले, त्याला 'पुरावा दाखवा' असे विचारताच ते कोसळले. स्त्री-पुरुष समतेविषयीच्या संशोधनाचे सारे मर्म ह्या एका प्रश्नात आहे.

१९७१ साली भारत सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली. डॉ. फुलरेणू गुहा अध्यक्षा होत्या आणि पुढे वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. १९७४ च्या अखेरीस 'समानतेकडे' ह्या अर्थाच्या नावाने तिचा अहवाल सिद्ध झाला. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१ साली ९३० उरल्या होत्या. संघटित उद्योगांतून स्त्रिया बाहेर ढकलल्या जात असल्याचेही अहवालाने आकड्यांनिशी मांडले. त्याच वर्षी महर्षी कर्वे ह्यांच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई ह्यांनी स्त्रीविषयक संशोधनाचे स्वतंत्र केंद्र सुरू केले.

योगायोग असा की, आमच्या उद्योगनगरीतील सुविख्यात प्रसंगही १९७४ चाच आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून अभियांत्रिकीची उच्च पदवी घेणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढे लेखिका म्हणून गाजलेल्या सुधा मूर्ती, ह्यांनी टेल्कोची एक जाहिरात पाहिली. तीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे म्हटले होते. त्यांनी जे. आर. डी. टाटा ह्यांना एका साध्या पोस्टकार्डावर आपला निषेध कळविला. परिणामी पुण्यास मुलाखतीचे बोलावणे आले, निवड झाली आणि टेल्कोच्या यंत्रशाळेत स्त्री अभियंता प्रथमच उभी राहिली.

एका पोस्टकार्डाने एक दार उघडले. परंतु सर्वांसाठी ते उघडे राहावे म्हणून कायदा लागतो. १९७६ साली समान वेतनाचा कायदा संमत झाला आणि १९८७ साली मुंबईतील एका कंपनीतील स्त्री लघुलेखिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची अंमलबजावणी करविली. १९९१ साली पुण्यात कर्वे संस्थेने मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. महाराष्ट्राने २०१५ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींवर स्त्रियांना रात्रपाळीची मुभा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी, स्त्रीची संमती असेल तर, ही मुभा देशभर केली आहे. ज्या पिंपरीत स्त्रीने अर्जही करू नये असे छापले गेले होते, तेथेच टाटा मोटर्समध्ये मोटारजोडणीची एक संपूर्ण शृंखला स्त्रिया चालवितात; २०२३ साली त्यांची संख्या १५०० हून अधिक होती.

ह्यावरून सारे साधले असे मानणे भोळेपणाचे होईल. २०१९ साली सरकारी सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोकांच्या दिवसाचा हिशेब मांडला. घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाकाठी २९९ मिनिटे देते आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ व ८८ झाले. म्हणजे बाईचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, पण तो पुरुषाने उचलला असे नव्हे, कारण त्याचीही नऊ मिनिटे कमी झाली! पाळी संपवून आलेली सून पुन्हा पाच तासांच्या पाळीवर उभी राहते. पूर्वी कारखान्यात तीसपेक्षा अधिक स्त्रिया असल्या तरच पाळणाघर सक्तीचे होते, म्हणजे मूल जणू आईचेच. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर असावे असे ठरले. त्या पन्नासांत पुरुषही मोजले जातात. मोजणीतील एवढासा फरक, परंतु तो स्त्रीस नोकरी देणे 'महाग' ठरविणारे एक कारण दूर करतो.

मोजणीचा अनुभव आम्हांस प्रत्यक्षही आहे. शिक्षक ह्या नात्याने जनगणनेचे काम आमच्याकडे येत असे. १९९१ साली, अभ्यासक स्त्रियांच्या आग्रहानंतर, कामाविषयीच्या प्रश्नातच 'शेतावरील अथवा घरच्या धंद्यातील बिनमोबदला काम धरून' अशी पुस्ती जोडण्यात आली. चाकणजवळच्या एका वाडीत आम्ही कुटुंबप्रमुखास विचारले, "घरात बाया काय करतात?" "काही नाही, गुरुजी, घरीच असतात," असे उत्तर आले. ओसरीवर त्यांच्या कारभारणी कांदा निवडीत बसल्या होत्या. आम्ही ती पुस्ती मोठ्याने वाचली आणि तोच प्रश्न त्या माउलीस विचारला. ती म्हणाली, "हे धरायचं असंल, तर मी बसते कवा?" तिचे नाव काम करणाऱ्यांत लिहिले गेले. त्या चार-पाच जादा शब्दांमागे किती वर्षांचा अभ्यास होता, हे तिला कळण्याचे कारण नव्हते; आपल्याला मात्र ते कळले पाहिजे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या संस्थेची कुटुंबसूची काढून पाहा. पुरुषांच्या नावापुढे फिटर, टर्नर, पर्यवेक्षक, दुकानदार असे व्यवसाय आहेत. स्त्रियांच्या नावापुढे बहुधा 'गृहिणी' आहे, किंवा रकाना रिकामा आहे. त्यांत शिवणकाम करून मुलांना पदवीधर केलेल्या भगिनी आहेत, खानावळ चालविणाऱ्या आहेत, भोसरीच्या लघुउद्योगात यंत्रावर काम करणाऱ्या आहेत आणि नवऱ्याच्या वर्कशॉपचा सारा हिशेब ठेवणाऱ्याही आहेत. ह्याच सूचीवरून शिष्यवृत्त्या ठरतात, व्यवसाय-मार्गदर्शनाची शिबिरे ठरतात आणि वधू-वर मेळाव्यातील बोलणीही होतात. जी सूचीत दिसत नाही, तिच्यासाठी योजना होत नाही, आणि तिच्या मुलीलाही आपल्या आईचे कर्तृत्व कागदावर कोठे दिसत नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस दोन सूचना नम्रपणे करीत आहोत. कुटुंबसूचीच्या पुढील आवृत्तीत प्रत्येक स्त्रीचे काम तिलाच विचारून लिहावे. मोबदला मिळो वा न मिळो. दुसरी अशी की, देशाच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा घरच्या स्त्रीच्या कामाविषयी तिचे उत्तर तिला देऊ द्यावे, आणि 'काही नाही, घरीच असते' हे वाक्य आपल्या घरातून कायमचे निवृत्त करावे. ह्यास वर्गणी लागत नाही की ठराव लागत नाही.

इत्यलम्.