पावकीपासून 'क्ष'पर्यंत

गेल्या जूनपासून आमच्या घरात शाळा भरते. विद्यार्थिनी एक, वय वर्षं नऊ. मुलगा आणि सून दोघंही संगणकावर घरूनच काम करतात. त्यांनी मुंबईचा फ्लॅट सोडला, कर्जतहून खालापूरकडे जाताना आमचं जुनं घर आहे तिथे राहायला आले आणि नातीला शाळेत घालायचंच नाही असं ठरवलं. पुढे मुक्त विद्यालयाची तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीची परीक्षा देता येते, हे मला कागद दाखवून समजावलं. मी आयुष्यभर शाळेत नोकरी केलेली बाई. मला ते पटलं असं नाही, पण माझं मत कुणी विचारलंच नव्हतं. सुनेने विचारलं ते एवढंच, "आई, गणित तुम्ही घ्याल? पाढ्यांपासून बीजगणित सुरू होईपर्यंत?"

आता माझी बी.ए. मराठी आणि इतिहास घेऊन. शाळेत गणिताचे सर रजेवर गेले की तो तास माझ्याकडे यायचा, एवढाच माझा अधिकार! सुनेने टेबलावर बालभारतीची पुस्तकं मांडली, एनसीईआरटीची मांडली, सिंगापूर पद्धतीची वर्कबुकं मांडली, वर खान अकॅडमीचे व्हिडिओ. म्हणाली, यातला एक मार्ग निवडा. मी आठवडाभर ती चाळली आणि मग मला जे येतं ते केलं. म्हणजे मागे वळून पाहिलं. आपल्याकडे मुलं घरी गणित कशी शिकत होती?

माझं स्वतःचंच आठवलं. १९५६ साली मी पहिलीत गेले, पण पाढे शाळेत शिकल्याचं आठवत नाही. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की ओसरीवर परवचा सुरू. शुभंकरोती, मग पाढे, मग मोठ्या भावंडांची पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. मी लहान, पण ऐकून ऐकून मलाही यायचं. 'अकरा पाव पावणेतीन', 'सात दिडे साडेदहा'. (वन्सं, तुम्ही पुण्यात हे वाचत असाल तर तुमची अडीचकी अजून पाठ आहे का, ते कळवा. औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, विचारत नाही!)

अपूर्णांकांचे हे पाढे कुणा पंडिताची हौस नव्हती. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पायलीचे ४ शेर, दोन शेरांची अधोली. सगळा बाजार चारांनी आणि सोळांनी चालायचा. पाव रुपया म्हणजे पावली, अर्धा म्हणजे अधेली. भात मोजताना, उधारी फेडताना पोराला पाव-पाऊण तोंडावर हवंच. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, पण हिशेब जिभेवर. १८२०च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी हटनच्या इंग्रजी पुस्तकांवरून मराठीत गणिताची पुस्तकं केली, तेव्हापासून कागदावरच्या 'रीती' आल्या. तरी ओसरीवरची उजळणी थांबली नाही. तिला थांबवलं ते १ एप्रिल १९५७ या तारखेने. रुपयाचे १०० नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आणि लिटर आले. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत होते आणि दुकानदार सहाच देतो म्हणून आमच्याकडे रोज वाद! वडिलांनी एक-दोन वर्षं पावकी रेटली, मग सोडून दिली. दोष कुणाचा नाही, नाणंच बदललं. पण त्याबरोबर एक गोष्ट गेली. तोपर्यंत मूल अपूर्णांक आधी बोलायचं आणि मग लिहायचं. आता ते अपूर्णांक पहिल्यांदा भेटतात तेच वर एक आकडा, खाली एक आकडा आणि मध्ये रेघ अशा रूपात.

माझ्या नातीला 'पावणेतीन' म्हणजे किती हे ठाऊक नव्हतं. पिझ्झाचे तुकडे रंगवून तीन चतुर्थांश दाखवायची, पण "पावणेपाचची लोकल" म्हटलं की गप्प. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आलं आणि गदारोळ झाला, तेव्हा मीही रागावले होते. त्या समितीच्या अध्यक्ष मंगलाबाई नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मराठी संख्यानामं मुलांना जड जातात. आता एकोणपन्नासला अडखळणारी नात समोर बसते तेव्हा वाटतं, बाई बरोबर सांगत होत्या. असो.

घरी शिकलेल्यांत सर्वांत मोठं नाव मला सापडलं ते टिळकांचं. वडील गंगाधरपंत स्वतः शिक्षक. त्यांनी त्रिकोणमितीवर मराठीत पुस्तक लिहिलं होतं. बाळचं गणित आणि संस्कृत त्यांनी घरीच पक्कं करून घेतलं. बाळने बाणाची 'कादंबरी' वाचायला मागितली, तेव्हा हे गणित सोडव मग देतो, असं वडिलांनी सांगितल्याची गोष्ट चरित्रांत येते. पुढे कॉलेजात त्यांना केरूनाना छत्रे गुरू मिळाले. केरूनाना आपल्या अलिबागजवळच्या नागावचे. शाळेत टिळक गणितं पाटीवर न मांडता मनातल्या मनात करत आणि मास्तरांशी त्यावरून खटके उडत, हेही आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलंय. मी स्वतः ते कौतुकाने वर्गात सांगितलंय.

आणि त्याच वर्गात मी काय केलं तेही आज लिहून टाकते.

१९८४चं साल. खालापूर तालुक्यातली शाळा, पाचवीचा वर्ग, सहामाही परीक्षा. एक द्रोण करवंदं ७५ पैशांना, तर १४ द्रोणांचे किती? एका कातकरी मुलाने नुसतंच '१० रु. ५० पै.' लिहिलं. रीत नाही, काही नाही. मी बोलावून विचारलं, कुणाचं पाहिलंस? तो म्हणाला, "चार द्रोणाचं तीन रुपये. बाराचं नऊ. दोन राहिलं, त्याचा दीड." उन्हाळ्यात तो खरोखरच घाटाखाली रस्त्यावर करवंदं विकायचा. मी म्हटलं, हे पेपरात कुठे आहे? आणि पाचापैकी शून्य दिलं. नियमच तसा होता, आणि नियम पाळल्याचं मला तेव्हा समाधानही वाटलं होतं. दिवाळीनंतर तो आला नाही. आईबाप वीटभट्टीवर गेले म्हणून, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

हे आठवल्यावर सुनेच्या टेबलावरची पुस्तकं निवडणं मला सोपं गेलं. पहिलं वर्षभर कागद कमी. तिसाचा पाढा घोकायचा नाही, वीसपर्यंत पुरे. पण पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी म्हणायची, आणि ती द्रोण, वाटी, घड्याळ हातात घेऊन. उत्तर कसं आलं ते आधी तोंडाने सांगायचं, मग तेच लिहायचं. तिने तोंडाने सांगितलेली रीत पुस्तकातल्यापेक्षा निराळी असली तरी तीच लिहायची. त्यानंतर दशांश, मग गुणोत्तर. गुणोत्तराला तर आमच्या दारातच घाट आहे. कर्जतला गाडीला मागून इंजिनं लावतात, कारण पुढे दर ३७ फुटांना १ फूट असा चढ लागतो. बालभारतीची पुस्तकं सरावाला ठेवली. व्हिडिओ सुनेकडे.

अडलं होतं ते शेवटच्या पायरीशी. अंकगणितातून अक्षरात कसं न्यायचं? भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अव्यक्त संख्यांना रंगांची नावं दिली, काळक, नीलक वगैरे. 'लीलावती' त्यांनी मुलीसाठी रचली ही आख्यायिका खरी असो वा नसो, पाटणच्या शिलालेखाप्रमाणे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला हे मात्र खरं. आमच्याकडे उलटं, आजी नातीकडून शिकते आहे.

झालं असं की मी तिला विनोबांची गोष्ट सांगत होते. विनोबांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या गागोद्याचा, तालुका पेण, आणि गणित त्यांचं अतिशय लाडकं. त्यांच्या आईने देवाला लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला आणि रोज एकेक दाणा मोजायला बसायची. वडील म्हणाले, तोळाभर तांदूळ मोज, त्यावरून लाखाचं वजन काढ, हवं तर अर्धा तोळा जास्त घाल. आईने विन्याला विचारलं. गणितवेड्या विन्याने कौल दिला आईच्या बाजूने, की हा हिशेब नाही, दाण्यादाण्याला देवाचं नाव येतं. नातीला दोघांचंही पटलं. मग आम्ही स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. १० ग्रॅम तांदळात ५४० दाणे भरले. (मोजायला पाऊण तास लागला, तिने पाऊणच म्हटलं!) त्रैराशिक मांडलं. लाख दाण्यांचे सुमारे १ किलो ८५० ग्रॅम.

मी वही मिटणार तोच ती म्हणाली, "आजी, जाडा तांदूळ असेल तर?"

मी म्हटलं, तर दाणे कमी भरतील, दहा लाखांना त्या आकड्याने भागायचं. "पण आकडा माहीत नाही ना." मग माहीत नसलेल्या आकड्याला काहीतरी नाव दे. सगळे क्ष म्हणतात. तिने थोडा विचार केला आणि 'त' लिहिलं, तांदळाचा त. दहा लाख भागिले त.

हे टंकते आहे तेव्हा ती वाटी घेऊन शेजारी गेली आहे, त्यांच्याकडे रेशनचा जाडा तांदूळ असतो.